ताईचं वसतिगृह बंद होणार होतं तेव्हा

माझी थोरली बहीण बोलत नसे. अचानक कुणी हात धरला की किंचाळायची, आणि तूर निवडायला बसली की दोन दोन तास मान वर करायची नाही. आज तिला स्वमग्न म्हटलं असतं. तेव्हा तो शब्द आमच्याकडे पोचला नव्हता. पिंगळीजवळच्या ज्या वसतिगृहात ती राहायची, त्याच्या पाटीवर नुसतं ‘मतिमंद’ लिहिलेलं होतं. आई गेल्यावर मीच तिला तिथं ठेवलं. मी ताडकळसला शाळेत शिकवत होते, रविवारी एसटीनं तिला भेटायला जायची. तिथं रुळायला तिला दोन वर्षं लागली.

एका दिवाळीनंतर मी गेले, तर वसतिगृहातल्या मावशी दारातच उभ्या होत्या. स्वयंपाकापासून आंघोळीपर्यंत सगळं त्याच बघायच्या. त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. इमारत मोडकळीला आली, माणसंही थोडी, म्हणून वसतिगृह बंद. सगळ्यांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेत हलवायचं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी परभणीला समाजकल्याणच्या कचेरीत गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाले, “बाई, यांना इथं काय आणि तिथं काय. कळतंय कुठं?”

“साहेब, नुसती खोली बदलली तेव्हा माझी बहीण दोन दिवस जेवली नव्हती,” मी म्हणाले. “तिला कळत नसतं तर जेवली असती.”

त्यांनी माझा अर्ज पुढं ओढला. “एकीच्या अर्जावर काही होत नाही. सगळ्या पालकांच्या सह्या आणा. पंधरा दिवसांत आणल्या तर मी स्वतः येऊन बघतो.”

निम्मे पालक ऊसतोडीला गेलेले. कारखाना लांब, आणि मला त्यांच्यातलं कुणी धड ओळखतही नव्हतं. मावशी म्हणाल्या, “मी येते. मला वळखतेत ते.” त्यांच्या सुनेनं दोन दिवस वसतिगृह सांभाळलं आणि आम्ही दोघी निघालो.

दुपारी फडात पोचलो. एका बाईचा वीस वर्षांचा मुलगा वसतिगृहात होता. तिनं कोयता खाली ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि मावशींकडं बघितलं.

“तुमी जानार का तितं, त्याच्यासंगं?”

“न्हाई. मला कोन नेतंय?”

“मग कशाला पाठवायलेत? माजा अंगठा घ्या.” तिनं पदरानं हात पुसला. “त्याला सांगा, मी पाडव्याला येते.”

परतल्यापासून मावशींनी तो निरोप त्या मुलाला रोज सकाळी सांगितला.

राहिलेल्या पालकांना आम्ही रविवारी वसतिगृहात बोलावलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वातावरण तापलेलं होतं. वीस एकराचा बागायतदार येणार होता आणि बौद्धवाड्यातली एक विधवाही. मला धाकधूक होती. बागायतदार सतरंजीवर त्या बाईशेजारीच बसला. “तुमची लेकबी रातीला झोपत न्हाई का?” त्यानं विचारलं. मग दोघं बराच वेळ झोपेबद्दलच बोलत राहिले. सह्या झाल्यावरही कुणी उठेना.

साहेब शब्दाला जागले. जेवणाच्या वेळेला आले आणि नकळत ताईच्याच जागेवर बसले. ताई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, अंग पुढंमागं हलवत. पूर्वीची ताई भिंतीवर डोकं आपटायला लागली असती.

“साहेब, जरा उठा,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “ती तिची जागा हाय. ती थांबलीय.”

साहेब उठले आणि दारापाशी बसून जेवले. जाईपर्यंत त्यांचं लक्ष ताईकडंच होतं.

हुकूम आला तो एका वर्षाच्या मुदतीचा: छप्पर नीट करा, मग पुढचं बघू. बागायतदारानं पत्रे आणले. गुढीपाडव्याला ऊसतोडीची माणसं परत आली आणि चार दिवसांत त्यांनी छप्पर उभं केलं. पुढच्या वर्षी बंद करायचा विषय कुणी काढला नाही.

त्याच उन्हाळ्यात पाथरीकडचा एक बाप मुलीला घेऊन आला. ती कानांवर हात घट्ट दाबून उभी होती. “हिला ठिवून घेता का?” त्यानं चाचरत विचारलं.

मावशी लगेच हो म्हणाल्या नाहीत. “दोन दिस तुमीबी ऱ्हावा,” त्या म्हणाल्या. “तिला काय आवडतंय, काय न्हाई, ते आदी मला सांगा.”