कर्नलची उडी

लायनेल ट्रँटर पोस्टातून निवृत्त झाला, पण त्याच्यातला पोस्टमास्तर काही निवृत्त झाला नाही. शेजाऱ्याचे कुंपण वाकडे दिसले तरी त्याला जेवण जात नसे. आमच्या मार्बरी गावात त्याचा खरा लौकिक मात्र कर्नलमुळे.

कर्नल म्हणजे त्याच्या आईचे, शंभरीला टेकलेले टेडी अस्वल. पोटावरची सोनेरी लव झडलेली, एक कान लायनेलनेच दात येताना चघळलेला. असा नमुना दुर्मीळ आहे, असे शहरातला एक जाणकार बोलून गेला आणि कर्नलची रवानगी काचेच्या कपाटात झाली. रंग उडू नये म्हणून खोलीचे पडदे कायम ओढलेले. धूळ झटकायची तर लायनेल आधी पांढरे हातमोजे घालणार.

"मला कधी इतकं जपून हात लावला नाहीस," बायको एनिड म्हणे.

"तुला धुता येतं," लायनेल म्हणे.

दर जूनमध्ये चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी आमच्याकडे जत्रा भरते. त्या दिवशी गावातली टेडी अस्वले रुमालाच्या छत्रीला बांधून चर्चच्या मनोऱ्यावरून खाली सोडतात. सोडण्याचा मान वर्षानुवर्षे लायनेलचा. कर्नलची पाळी कधी, असे कोणी विचारले की त्याचे उत्तर ठरलेले, "कर्नल हुकूम देतात. उड्या शिपायांनी मारायच्या."

यंदा मात्र मनोऱ्यावर त्याने अस्वलांच्या टोपलीत हात घातला आणि बोटांना चघळलेला कान लागला. पाठीला एनिडचा निळा रेशमी स्कार्फ बांधलेला, तोही ढिला. त्याने खाली वाकून पाहिले. केकच्या टेबलामागून एनिडने शांतपणे हात हलवला.

"आता येत आहेत कर्नल ट्रँटर," पाद्रीबाईंनी कर्ण्यातून जाहीर केले. सगळ्या माना वर झाल्या.

लायनेलने कर्नलला छातीशी धरले. खाली सोडवेना, आणि परत ठेवावे तर चारचौघांत शोभा.

"काय रे लायनेल," खाली उभा असलेला रेज खाटीक ओरडला, "मघाशी आमच्या नातीचं अस्वल घेताना तिला सांगत होतास ना, रडू नको, काही होत नाही म्हणून? मग?"

लोक हसले. लायनेलने ढिली गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली, ओढून पाहिली, आणखी एकदा ओढून पाहिली. मग डोळे मिटून हात मोकळे केले.

स्कार्फ झकास फुगला. कर्नल मात्र मैदान सोडून, दफनभूमीवरून तरंगत थेट यू नावाच्या जुन्या झाडात जाऊन अडकला. लायनेल गोल जिना उतरून धावत आला, रेजची शिडी ओढून घेतली, आणि कोणी आवरायच्या आत वर चढला. उतरला तेव्हा कर्नल त्याच्या काखेत होता, लहान मूल धरते तसा. घरापर्यंत त्याने तो कोणाच्या हाती दिला नाही.

"रागावलास?" संध्याकाळी एनिडने विचारले.

"गाठ ढिली होती."

"मुद्दामच ठेवली होती. तू नीट बांधल्याशिवाय सोडणार नाहीस, हे ठाऊक होतं. आणि मनोऱ्यावर तुझे हातमोजे नसतात."

कर्नलच्या लवेतला पाला लायनेल उघड्या बोटांनी वेचत होता.

हल्ली कर्नल शेगडीजवळच्या खुर्चीत असतो. काचेच्या कपाटात एनिडने जॅमच्या बरण्या मांडल्या आहेत. पडदे लायनेलने अजून ओढलेलेच ठेवले आहेत. उन्हाने जॅमचाही रंग उडतो, म्हणतो.