निळ्या प्रतिमेतला प्रकाश

स्वतःची चूक झाकण्यासाठी मी माझ्या विद्यार्थिनीला पुढे केलं.

सोलापूरच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. अवकाश दुर्बिणींनी टिपलेल्या प्रतिमा इंटरनेटवरून कुणालाही उतरवून घेता येतात. भवानी पेठेतल्या विणकराच्या घरातली ही मुलगी आणि मी त्यांत विश्वाच्या आरंभीच्या, म्हणजे अतिशय दूरच्या दीर्घिका शोधत होतो. इतक्या दूरच्या दीर्घिकेचा निळा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळून टाकतो. ती लाल फिल्टरमध्ये दिसते. निळ्यात त्या जागी नुसता काळोख असावा लागतो.

तसा एक लाल ठिपका सापडला आणि मी हुरळून गेलो. ती मात्र निळी प्रतिमा मोठी करून बघत राहिली.

"सर, इथं पुसट काहीतरी आहे की."

"कॅमेऱ्याचा गोंधळ आहे तो. घरी चादरींवर पण असेच डाग शोधत बसतेस का?"

"बसते की सर. नाहीतर व्यापारी शोधतो."

मी हसलो आणि शोधनिबंध पाठवून दिला.

परीक्षकांनी तो नाकारला. निळ्या प्रतिमेत प्रकाश होता. आमची दीर्घिका बरीच जवळची निघाली, धुळीमुळे लाल दिसणारी.

तिने पीएचडीच्या अर्जात हाच निबंध दाखवला होता. तिने अर्ज केलेल्या पुण्याच्या संस्थेतून मला फोन आला, ही चूक कशी झाली म्हणून. "प्रतिमा तिनंच तपासल्या होत्या," मी म्हणालो. तिने मला सावध केलं होतं, हे सांगितलं नाही. तिला प्रवेश मिळाला नाही. मी काय बोललो ते तिला पुढे कुणाकडून तरी कळलं. माझ्याकडे ती परत आली नाही.

नव्या दुर्बिणीच्या प्रतिमा आता सारख्या येतात. मी त्या उघडतो, थोडा वेळ बघतो, बंद करतो. काही सापडलं तरी माझ्या शब्दावर माझाच विश्वास बसणार नाही.

गेल्या महिन्यात अकलूजला गेलो. तिथल्या शाळेत ती विज्ञान शिकवते. शिक्षकांच्या खोलीत तिने माझ्यापुढे चहा ठेवला. मी परीक्षकांबद्दल, तेव्हा अडलेल्या माझ्या बढतीबद्दल बोलत राहिलो.

"सर, माझा तास आहे. काय ते सरळ बोला की."

"तू आधीच सांगितलं होतंस. फोनवर मी ते लपवलं आणि तुझी पीएचडी गेली. ती मला आता परत देता येत नाही. मला माफ कर."