मुका झालेला भाऊ आणि रामनगरचा चोर

जंगलातल्या गुंद गावाजवळच्या आमच्या वाडीत फोनला रेंज येते ती फक्त एका धोंड्यावर. तिथं चढून बोललं की खालच्या शेतात चिखल करणाऱ्यालाही कळतं, कुणाची सून रुसून माहेरी निघालीय. खासगी असं आमच्याकडं काही राहत नाही. पण ऐकणारा निदान संध्याकाळी येऊन, "मग, परतली का सूनबाई?" असं विचारतो तरी.

माझा थोरला भाऊ भजनी मंडळात पेटी वाजवायचा आणि गायचा. देवळातलं त्याचं एक भजन कुणीतरी त्याच्याच फोनवर टिपलं होतं. तो गेल्यावर आम्ही ते इंटरनेटवर चढवलं. फोनचं काही खरं नाही, तिथं मात्र सगळं कायम राहतं, असं शहरातले शहाणे सांगतात. पुढं तो फोन आतल्या मेमरी कार्डासकट ओढ्यात पडला. मग दर एकादशीला वहिनी धोंड्यावर चढायची, आधी केसांच्या तेलाची जाहिरात सोसायची आणि मग नवऱ्याला ऐकायची.

एका एकादशीला ती लगेच खाली आली. "भावजी, ह्ये बघा. तोंड हालतंय, आवाज न्हाई."

खरंच. भाऊ मान डोलावतोय, बोटं पेटीवर पळतायत, आणि सगळं मुकं. खाली सूचना होती, की हे संगीत अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. ही चाल आमच्या गावात पणज्याच्या काळापासून म्हणतात. कंपनीच्या कुठल्याशा गायकानं ती एकदा गायली, आणि कंपनीनं तेवढ्यावर पणज्यासकट सगळ्यांना नोकरीला ठेवलं.

"त्यास्नी ह्यांचा आवाज कुठनं गावला?" वहिनी म्हणाली. "ह्ये तर बेळगावच्या पल्याड कधी गेलं न्हाईत."

मी त्या साइटवाल्यांकडं तक्रार केली. ती ऐकून घेण्याआधी त्यांना माझा पत्ता हवा होता, जन्मतारीख हवी होती, माझ्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर हवे होते, मी कुठं उभा आहे तेही हवं होतं. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं विचारत नाहीत, आणि ते निदान पोह्यांना नावाजतात. मी सगळं दिलं. उत्तर यंत्रानं पाठवलं: कंपनीचा दावा योग्य आहे. दुसऱ्या दिवसापासून मला त्याच कंपनीच्या जाहिराती सुरू झाल्या. भजनांच्या.

मग वहिनीला आठवलं, भजन टिपल्यावर भावानं रामनगरात त्याच कार्डात गाणी भरून घेतली होती. तिथल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात हा धंदा अजून चालतो, कारण जंगलात रेंज नाही आणि ट्रॅक्टरवाल्याला गाण्याशिवाय चढ चढवत नाही. कंपन्यांच्या लेखी हा दुकानदार चोर. आमच्याही लेखी चोरच. कार्ड हातात आलं की आपली गाणी भरण्याआधी आतलं सगळं तो स्वतःकडं ओढून घेतो. आता आमची सारी भिस्त त्याच्या या खोडीवर होती.

आम्ही रामनगरला जाऊन त्याला भजनाचे शब्द सांगितले, तर त्याला शोधावं लागलंच नाही. भाऊ दुकानभर गायला लागला.

"ह्ये व्हय? ह्ये तर मी समद्यांच्या कार्डात टाकतो," तो म्हणाला. "पार अणशीच्या घाटापातूर वाजतंय."

वहिनीनं पदर तोंडाशी धरून भजन शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवला. "आमच्या कार्डातलं समदं घेतलंस? म्हंजी फोटोबी?"

"हाईत की अक्का. देऊ?"

"पूस. माझ्यासमोर पूस."

त्यानं एकेक फोटो तिला दाखवून पुसला. "आनि भजन?"

"त्येला हात तर लावून बघ."

मीही साइटवाल्यांना माझी माहिती पुसायला सांगितली. तो मीच आहे हे पटवायला त्यांनी आणखी माहिती मागितली. चोरांमध्येही कुळ बघावं ते यासाठी.

वहिनी आता धोंड्यावर चढत नाही. दुकानातून भरून आणलेलं भजनाचं नवं कार्ड घरात आहे, तरी एकादशीला ती रस्त्याकडेला भाजी निवडत बसते. वळणावरून ट्रॅक्टर येतो, त्यावर भाऊ गात येतो, आणि ती ट्रॅक्टरवाल्याला दटावते, "घाई कसली रे? कडवं संपू दे की."