माग बंद आहेत

दस्तगीरमामा दारात आले की आधी राख मागायचे. चहा नंतर. यंत्रमागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की नव्या बीमाचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाचा, एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडावा लागतो. अशा हजारो गाठी मारायच्या, आणि बोटं घामेजली की गाठ सुटते, म्हणून बोटांना राख. बेळगावच्या आमच्या वडगावातल्या चुली गेल्या, घरोघर गॅस आला, तेव्हा माझी आई देवघरातल्या उदबत्त्यांची राख त्यांच्यासाठी एका डबीत साठवू लागली. मामा डबी हलवून बघायचे. "आक्का, ह्या महिन्यात उदबत्त्या कमी लावल्यासा. देवाला उपास घातलाय काय?"

जिभेला हाड नव्हतं त्यांच्या. आमच्या गल्लीतला एकही मागवाला त्यांच्या तोंडून सुटला नसेल. कुणी घाई केली की हात थांबवून वर बघायचे आणि म्हणायचे, "मुठीनं धरून गाठ मारू काय रं? एकेक धागा हातात घ्याया लागतोय. तुला दम न्हाय, त्याला धागा काय करणार?" मग तंगडी पसरून पुन्हा मागाच्या पाठीमागे बसायचे. त्यांनी जोडलेला ताणा मध्येच तुटल्याचं मला तरी आठवत नाही.

माझा मुलगा महेश बेंगळूरला नोकरीला आहे. एका वर्षी आपला सीमाप्रश्न नेहमीप्रमाणे तापला, इकडच्या बसला तिकडं काळं, तिकडच्या बसला इकडं काळं. महेशच्या घरमालकानं त्याला खोली सोडायला सांगितली. म्हणाला, "तुम्ही बेळगावचे मराठी लोक सगळे एकसारखेच." झालं, आमच्या देवळाच्या ओसरीवर सभा भरली. कुणीतरी कुठंतरी काळं फासलं, त्यात आमच्या पोराचा काय संबंध? एकाच्या करणीसाठी सगळ्यांना कसं धरता? गल्लीचे पंच तर इतके तापले की त्यांचा चष्मा खाली पडला. मात्र त्या घरमालकाला फोन लावायचं कुणालाच सुचलं नाही. भांडायला पुरेल एवढं कानडी आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं.

मामांकडे होतं. ते काम टाकून आले, माझ्याकडून नंबर घेतला आणि राखेच्या बोटांनी फोन धरून पाव तास अस्सल कानडीत बोलले. मला कळलं ते एवढंच, की ह्या पोराला मी पाळण्यात बघितलंय, त्याचं काही चुकलं तर मला विचारा, बाकीच्या बेळगावचं मला विचारू नका. महेशची खोली राहिली. मामांनी फोन सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला. "एवढंच हुतं. तुम्ही बोंबलतच बसला असतासा."

पुढच्या वर्षी देशाच्या सीमेवर गोळीबार सुरू झाला. आमच्या गल्लीतले निम्मे शूरवीर बाहेर कुत्रं भुंकलं तरी आतून कडी घालतात, पण त्या आठवड्यात प्रत्येकाला शत्रू हवा होता. ती सीमा फार लांब होती. दस्तगीरमामा जवळ होते.

पुन्हा सभा. तीच ओसरी, तेच जाजम. पंच म्हणाले, मुसलमानांना आता काम द्यायचं नाही. कुणीतरी चाचरत म्हणालं, "पण आपला दस्तगीर..." पंचांनी हात झटकला. "सगळे एकसारखेच." बेंगळूरच्या घरमालकाचं वाक्य, फक्त मराठीत. ज्या माणसांनी वर्षभरापूर्वी त्या वाक्यावर थुंकायचंच बाकी ठेवलं होतं, तीच माणसं आता माना डोलवत होती. महेशसाठी मामांनी केलेला तो फोन माझ्या जिभेवर आला होता. मी तो गिळला. भ्यालो, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी मामा दारात उभे. "बीम संपत आलंय न्हवं? काढ राख."

मी उंबऱ्यातच आडवा उभा राहिलो. "मामा, माग बंद आहेत."

माझ्या पाठीमागे चारही माग खडाखडा चालू होते. भिंती हादरत होत्या. मामांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं, मग माझ्याकडे.

"व्हय," ते म्हणाले. "ऐकू यायलंय."

आणि चपला घालून गेले. आई डबी घेऊन बाहेर आली तोवर ते कोपऱ्यावर पोचले होते. ती मला म्हणाली, "खोटं बोलायचं हुतं तर आधी माग तरी बंद करायचास की. तेवढी सुद्धा अक्कल न्हाय." आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

गल्लीतली सगळी दारं अशीच बंद झाली. मामा इचलकरंजीला लेकीकडे गेले, तिथं त्यांना काम मिळालं. इकडे गोळीबार थांबला, टीव्हीला दुसरा विषय मिळाला आणि आमचे शूरवीर पुन्हा कडी घालून झोपू लागले. नव्या माणसानं मारलेल्या गाठी तासातासाला सुटू लागल्या. शेवटी पंचांचेच माग बंद पडले तेव्हा ते दात कोरत मला म्हणाले, "दस्तगीरला बोलवा की. तेव्हाचं तेव्हा झालं. त्यात काय एवढं?"

मी फोन लावला. "मामा, या की परत. सगळे आठवण काढतात."

"कसं येऊ रं?" मामा म्हणाले. "माग बंद हायत."

त्यांच्या पाठीमागे इचलकरंजीचे माग खडाखडा वाजत होते. ऐकू येतंय, असं म्हणायला माझं तोंड नव्हतं. मला वाटलं फोन ठेवतील, पण त्यांनी ठेवला नाही.

"महेश कसा हाय? घरमालक आता काय बोलत न्हाय न्हवं त्याला?"

"नाही, मामा."

"मग झालं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्या घरमालकाला मी आजवर पुष्कळ शिव्या घातल्यात. पण त्याला एक फोन पुरला होता.