भरलं वजन, खाली वजन

काटेवाले चाचांना अमेरिकेतल्या एकाही बास्केटबॉलपटूचं नाव धड घेता येत नसे. पण त्यांतला कोण किती पाण्यात आहे, हे मात्र ते छातीठोक सांगत. नावांवर त्यांनी आपला तोडगा काढला होता. बास्केटखाली पाय रोवून उभा राहणारा आडदांड गडी म्हणजे 'डोंगर'. लांबून नेमका चेंडू टाकणारा तो 'गोफण'. स्वतः फारसे गुण न करता सगळ्यांना खेळवणारा 'मुनीम'. संघांना नावंच नव्हती, नुसते रंग होते. मेहकरात आम्ही जी पाच-सहा टाळकी हे सामने बघायचो, त्या सगळ्यांच्या तोंडी हीच नावं बसली होती. पुढे अमरावतीला कॉलेजात मी एका मुलीला म्हणाले, "गोफण प्लेऑफमध्ये ढेपाळतो," तर ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली.

चाचांचा वजनकाटा आमच्या शाळेच्या मैदानासमोर होता. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला भला मोठा लोखंडी पाट, त्यावर आख्खा ट्रक चढायचा, आणि बाजूच्या खोलीत चाचा लाल आकडा बघून चिठ्ठी छापायचे. सोयाबीन, तूर, हरभरा, जे काही बाजाराला निघायचं ते आधी चाचांसमोरून जायचं. खिडकीतून मैदानावरचा एकुलता एक बास्केटबॉलचा खांब दिसे. वीस वर्षं तेच बघून चाचांना खेळ कळायला लागला. स्वतः त्यांनी चेंडूला हात लावला असेल तो फक्त आमचा चेंडू गडगडत काट्यावर आला की परत फेकायला. तेव्हा ते आकड्याकडे बोट दाखवत. आकडा शून्यच असायचा. दहा किलोच्या खालचं त्या काट्याला दिसतच नसे. "पाह्य," ते म्हणत, "एवढा मोठा काटा, पन बॉल आला अन् गेला, त्याले पत्ताच नाही."

तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. उन्हाळ्यात, तिकडे प्लेऑफ म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्या रंगात यायच्या तेव्हा, इकडे हरभऱ्याची गर्दी ओसरून काटा थंड पडलेला असायचा. आमचा सकाळचा सराव आटोपला की घामेजल्या अंगाने आम्ही चाचांच्या खोलीत शिरायचो. मोबाइलच्या दुकानात काम करणारा गजू फोन आणायचा, तो पाण्याच्या तांब्याला टेकवला जायचा. चित्र मधेच अडकायचं. ते अडकलं की वाद सुरू व्हायचा, आणि चालू झालं तरी वाद थांबायचा नाही.

गजू आकडे पाठ करून यायचा. अमक्याने सरासरी इतके गुण केले, तमक्याने इतके. चाचा शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, "हे भरलं वजन झालं. खाली किती?" ट्रक मालासकट तोलतात, मग माल उतरवून रिकामा तोलतात, दोन्हींतला फरक तो खरा माल. चाचांच्या मते खेळाडूचंही तसंच होतं. त्याने किती टाकले हे भरलं वजन. तो मैदानावर असताना समोरच्यांनी किती टाकले, त्यातले किती त्याच्या आळसाने, ते खाली वजन. "पहिलं सारेच सांगतात बे," ते गजूला म्हणत. "दुसरं कोनी सांगत नाही, काऊन का ते पाहाले मान खाली घालून बसा लागते."

त्यांना लबाडीही सगळी ठाऊक होती. भरली गाडी तोलताना क्लीनरला आत झोपवायचं आणि रिकामी तोलताना बाहेर चहाला पाठवायचं, ताडपत्री ओली करून आणायची, हे प्रकार ते चाकांचा आवाज ऐकून ओळखत. तीच नजर ते आकड्यांवर लावत. गोफणने एका सामन्यात धडाधड गुण केले तेव्हा गजू खुर्चीवर चढून नाचला. चाचा म्हणाले, "त्यातले आर्धे तर समोरच्यांचा डोंगर बाकावर बसला होता तवा टाकले. ते वजन मी नाही धरत." आणि प्लेऑफचं महत्त्व त्यांनी मला एका वाक्यात पटवलं होतं. "सीझनमधी गाडी एकदा काट्यावर येते अन् निंघून जाते. प्लेऑफमधी तेच गाडी, तोच काटा, सात-सात येळा. किती दिवस क्लीनर लपवसीन?"

एका उन्हाळ्यात निळ्यांच्या संघाने तीन मोठे खेळाडू एकदम गोळा केले. गजूने तेव्हाच पेढे वाटायची तयारी केली होती. चाचांनी नाक मुरडलं. "एका ट्रकात तीन ड्रायव्हर बसोले. टायर फुटला तं जॅक कोन लावंन?" निळे दुसऱ्याच फेरीत घरी गेले. त्यानंतर आठवडाभर गजूला रस्त्यात जो भेटेल तो जॅक विचारायचा.

माझा आणि चाचांचा कायमचा तंटा मात्र गोफण आणि मुनीम यांच्यावरून. मी गोफणच्या बाजूची. कारण उघड होतं: मेहकरची गोफण मी होते. लांबून टाकावं तर मीच, आणि सुटलेला चेंडू जाळीत पडेपर्यंत मागे वळूनही न बघावं तर तेही मीच. अंगात खुमखुमी होती, ती लपवायची मला गरज वाटत नसे. शिवाय मला अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. विभागाच्या संघात निवड झाली तर ते दार उघडणार होतं. नाहीतर घरच्यांनी डी.एड.चा फॉर्म आणूनच ठेवला होता. विभागाचा संघ बुलढाण्याच्या जिल्हा स्पर्धेतून निवडला जायचा. हे चाचांना माहीत होतं, कारण सकाळ-संध्याकाळ मी त्यांना तेच ऐकवायचे.

अकरावीच्या वर्षी स्पर्धेच्या दहा दिवस आधी त्यांनी मला खोलीत बोलावलं. खिळ्याला अडकवलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा खाली काढला. वाया गेलेल्या वजनचिठ्ठ्यांच्या पाठीवर त्यांनी आमच्या सरावाच्या सामन्यांचा हिशेब मांडला होता, एकेका मुलीची एकेक चिठ्ठी. माझी बघितली. भरलं वजन सगळ्यांत जास्त. खाली वजन त्याहून जास्त.

"पोरी, तू टाकते तं लय," चाचा म्हणाले, "पन टाकल्यावर तिथंच फोटो काढल्यासारखी उभी राहते. तवापर्यंत तिकडच्या दोन पोरी पळून टाकून येते. अन् हे पाह्य."

त्यांनी वंदनाची चिठ्ठी पुढे केली. वंदना देऊळघाटची, मेहकरला मामाकडे शिकायला राहायची. बोलायची कमी, गुण त्याहून कमी. तिचं निव्वळ वजन आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त निघालं होतं. मी जळून खाक झाले. दोन दिवस खोलीकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र चेंडू टाकल्या टाकल्या मागे पळून बघितलं. चौथ्या दिवशी वंदनाला पास देऊन बघितला. खरं सांगायचं तर मजा आली.

त्या वर्षी आम्ही बुलढाण्याच्या यजमान संघाला पहिल्यांदा हरवलं. मी पळून पळून त्यांच्या मुख्य खेळाडूला जखडून ठेवलं, पास दिले, आणि स्वतःचे फक्त सहा गुण केले. संध्याकाळी निवडीची यादी लागली. वंदना होती, माझ्या पासवर तिचे भरपूर गुण झाले होते. हरलेल्या संघाच्या दोघी होत्या. मी नव्हते.

परत आल्यावर मी सरळ काट्यावर गेले, माझ्या तोवर जमलेल्या सगळ्या चिठ्ठ्या खिळ्यावरून ओरबाडल्या आणि त्यांच्यासमोर फाडल्या. "तुमच्यामुळं झालं," मी म्हणाले. "तुमचं ऐकलं नसतं तर मी गेली असती." एरवी शब्दाला शब्द देणारा माणूस, तुकडे वेचत बसला.

दुसऱ्या दिवशी काटा बंद. सोयाबीनचा ऐन हंगाम, रस्त्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग, आणि खोलीला कुलूप. असं कधी घडलं नव्हतं. लोक शिव्या घालत दुसरीकडे गेले. चाचा सकाळच्या बसने बुलढाण्याला गेले होते. फाडलेल्या चिठ्ठ्या त्यांनी गोंद लावून जोडल्या होत्या आणि त्या घेऊन ते निवड करणाऱ्या साहेबांपुढे जाऊन बसले होते. साहेबांनी चहा पाजला, चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि सांगितलं, "चाचा, आम्ही गुणपत्रकावरचे पॉइंट पाहतो. बाकी कोण लिहून ठेवतं?"

हे चाचांनी मला संध्याकाळी मैदानावर येऊन सांगितलं. ते मैदानावर आलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. म्हणाले, "माह्यी गलती झाली, बेटा. आपल्या काट्याले दरसाल साहेब येऊन तपासते, शिक्का मारते. मले वाटलं, साऱ्या दुनियेचे काटे तसेच तपासेल असतीन. मी तुह्यं वजन बरोबर केलं. त्यांचा काटा कसा हाये, ते नाही पाह्यलं."

मोठ्या माणसाने माझी माफी मागण्याची ती पहिलीच वेळ. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले. मग दोघांनीही टपरीवर चहा घेतला. एक वर्ष अजून हातात होतं.

बारावीच्या वर्षी चाचा आमच्याबरोबर बुलढाण्याला आले. पुन्हा काटा बंद, पुन्हा शिव्या. चिखली मागे पडल्यावर ते माझ्या सीटशी येऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "आज कोनाले पास देऊ नको. वंदनाले बी नाही. आज तू नुसते पाइंट टाक."

"अन् खाली वजन?"

"मरू दे खाली वजन. तुले अमरावतीले जायचं हाये ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हा माणूस आयुष्यात कुणासाठी वजनात किलोभर इकडचं तिकडे करणारा नव्हता. माझ्यासाठी तो ते करायला निघाला होता. मी हो म्हणाले.

आणि मी टाकले. शेवटच्या मिनिटापर्यंत माझे अठरा झाले होते. सामना बरोबरीत. चेंडू माझ्या हातात, दोन मुली माझ्या अंगावर, आणि बास्केटखाली वंदना एकटी. कडेच्या लोकांतून एकच आवाज माझ्यापर्यंत येत होता, "टाक! टाक बे! तूच टाक!" मी चेंडू उचललासुद्धा. पण दोघी माझ्याकडे धावल्या होत्या आणि ती मोकळी होती, हे मला दिसत होतं. न दिसल्यासारखं करणं मला आता जमणारं नव्हतं. मी पास दिला. वंदनाने टाकला. आम्ही जिंकलो.

सगळ्या मुली नाचत होत्या आणि चाचा लालबुंद. "डोकं फिरलं काय तुह्यं? हात वर होता ना? काऊन देल्ला तिले?" मी म्हणाले, "ती मोकळी होती, चाचा." त्यांनी तोंड फिरवलं. ते रुमालाने डोळे पुसत होते, ते वंदनाने पाहिलं. मला पाहू दिलं नाही.

यादी लागली. वंदनाचं नाव चौथं. मी खाली खाली वाचत गेले. बारावं, शेवटचं नाव माझं होतं. पुढच्या जूनमध्ये मी अमरावतीला गेले आणि आज तिथल्याच एका शाळेत मुलींना खेळ शिकवते.

मला घेतलं ते कशामुळे, यावरून चाचांनी आणि मी पुढे कितीतरी उन्हाळे फोनवर भांडण केलं. चाचांचं म्हणणं, "अठरा पाइंट पाहून घेतलं तुले. त्यांचा काटा मले माहीत हाये." माझं म्हणणं, शेवटचा पास बघून घेतलं. गंमत अशी की मी त्यांचीच सगळी वाक्यं त्यांच्यावर फेकायचे आणि ते गजूसारखे आकडे मोजून दाखवायचे. प्लेऑफमध्ये गोफणने भलताच पराक्रम केला की सकाळीच त्यांचा फोन: "पाह्यलं काय? टाकनाराच कामी येते शेवटी!" मी मुनीमची बाजू घेऊन तावातावाने बोलायचे. दोघेही हटत नव्हतो, आणि मला वाटतं दोघांनाही हटायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत चाचा गेले. गजूचा फोन आला, मी पहिल्या बसने निघाले, तरी माती द्यायला पोचू शकले नाही. उन्हाळ्यातल्या सकाळी मला त्यांची फार आठवण येते. सामना कितीही अटीतटीचा असो, एकटीने बघण्यात जीव रमत नाही.

गेल्या वर्षी एका स्पर्धेत ते निवड करणारे साहेब भेटले. आता निवृत्त झालेत. मी ओळख दिली तर त्यांनी लगेच ओळखलं. "मेहकरची ना तू? बारावं नाव. चांगलं आठवतं मला, त्या नावावरून आमची बरीच चर्चा झाली होती," असं म्हणून ते सांगायला लागले. एका वाक्यात आमच्या भांडणाचा निकाल लागला असता. पण चाचा हरले असते तर त्यांना उलटून बोलायची सोय नव्हती, आणि मी हरले असते तर मला चिडवायला ते नव्हते. "सर, आधी चहा घेऊ," मी मधेच म्हणाले, आणि त्यांच्या नातवंडांची चौकशी केली.