पंपाच्या बटणावरची लाल खूण

माझ्या लातूरच्या ऑफिसात तीन वह्या असतात. एक आलेल्या कामांची, एक पोचवलेल्या कामांची आणि तिसरी मोठ्या कॉम्प्युटरची. तिसरी सुरू केली तेव्हा घरचे हसले होते. आता कुणी हसत नाही, पण त्याचं कारण मला फारसं अभिमानाचं वाटत नाही.

घरांचे नकाशे काढणं आणि घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याची चित्रं करून देणं, हे माझं काम. एक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटर चार-चार तास पूर्ण ताकदीने चालावा लागतो. लातूरच्या उन्हाळ्यात साध्या पंख्यावरचा कॉम्प्युटर ते सोसत नाही. म्हणून मी नांदेडच्या मावसभावाकडून पाण्याने गार होणारं मशीन बनवून घेतलं. त्याचं तिथे कॉम्प्युटर जुळणीचं दुकान आहे. मशीनमध्ये एक लहान पंप, तांब्याएवढी पारदर्शक टाकी आणि पाणी गार करणारी जाळी. पाणी प्रोसेसरवरून फिरतं, तिथली उष्णता उचलतं आणि जाळीत येतं. जाळीला तीन पंखे.

समोरच्या बाजूला फिरवायची दोन बटणं होती, एक पंपाच्या वेगाचं आणि एक पंख्यांच्या. शेजारी मिनिटाचे फेरे दाखवणारा आकडा. पंपाचं बटण बसवायला भाऊ तयार नव्हता.

"अक्का, पंपाला एका वेगानं चालू दे. आवाज पंख्यांचा असतो, पंपाचा न्हाई. पंखे कर कमी-जास्त, किती करायचे तेवढे."

मी ऐकलं नाही. जे मशीन मी वापरणार, त्याचं सगळं माझ्या हातात पाहिजे. शेवटी त्याने बटण बसवलं आणि त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशने खूण केली.

"ह्या खुणेच्या खाली आणायचं न्हाई. पाणी फिरायचं थांबलं की ते असून नसल्यासारखं."

मी रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला वहीत आकडे लिहायला लागले. बटण खुणेवर असलं की पंपाचे फेरे सत्तावीसशे. दोन महिने एकही नोंद वाकडी नव्हती. मी इतकी खूश होते की एका क्लासवाल्या सरांना भावाचं नाव सुचवलं. त्यांच्या इमारतीचे नकाशे मीच केले होते आणि त्यांना मुलांच्या परीक्षांसाठी एक हॉल भरून कॉम्प्युटर घ्यायचे होते. एवढं मोठं काम भावाला आजवर मिळालं नव्हतं. भाव ठरला होता, नमुन्याचा एक कॉम्प्युटर पसंत पडला होता. सरांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

एप्रिलमध्ये मशीन बंद पडायला लागलं, तेही दुपारीच. मी आणि माझ्याकडे ड्रॉइंग करणाऱ्या ताई एक वाजता चित्र चालू ठेवून वर घरी जेवायला जायचो. दोनला खाली आलो की पडदा काळा. पहिल्या दिवशी मी लाइटला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी लाइट गेलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी मी मशीनमधली तापमानाची नोंद उघडली.

एक वाजून बारा मिनिटांपर्यंत प्रोसेसर अडुसष्टवर. मग चढत चढत शंभर, आणि बंद. त्याच वेळी जाळीतल्या पाण्याचं तापमान मात्र उतरत गेलेलं. मशीन पुन्हा सुरू केलं की सगळं ठीक. पंपाचं बटण खुणेवर, फेरे सत्तावीसशे.

मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली. लाइट, खोडली. धूळ, जाळी साफ केली आणि खोडली. टाकीतलं पाणी थोडं उतरलं होतं, पण ते मी महिन्याच्या सुरुवातीलाच भावाने दिलेल्या बाटलीतून भरलं होतं. वहीत तशी नोंद होती, म्हणून तेही खोडलं. ड्रॉइंगच्या ताई, त्या तर माझ्यासमोर बसून भाकरी खात असतात. तरी दोन दिवस त्या जेवताना उठल्या की मी कान देत होते. त्यांच्या ते लक्षात आलं. "हात धुवायलाच चालले मॅडम," असं म्हणाल्या. त्यांचंही नाव खोडलं. घरातही ज्याला त्याला विचारलं, मशीनला कुणी हात लावला नव्हता.

राहिला पंप. पाणी गार आणि प्रोसेसर गरम, म्हणजे पंप मधेच दम सोडतो. आणि नवा पंप दोन महिन्यांत दम का सोडेल?

एकदा हा प्रश्न पडला आणि मागचं सगळं वेगळं दिसायला लागलं. पंपाचा खोका मी मागितला होता तेव्हा भाऊ म्हणाला होता, "असंल कुठंतरी, देतो." दिला नाही. पंपाचं बटण त्याला नकोच होतं. का नको होतं? फेरे दिसले असते म्हणून? मी फोन केला तर माझं पुरतं ऐकायच्या आत म्हणाला, "पंप नवा हाय, अक्का." मी पंप जुना आहे असं म्हटलंच नव्हतं. हे सगळं मी तारखेसह वहीत लिहिलं. लिहिलेलं वाचताना ते आणखी खरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात क्लासवाले सर भेटले. "मॅडम, देऊ ना तुमच्या भावाला काम?"

"थोडं थांबा," मी म्हणाले. "माझ्या मशीनला पंप जुना लावल्याचा संशय आहे. तपासून येते."

"बरं झालं बोललात," ते म्हणाले. एवढंच.

शनिवारी मशीन गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलं आणि अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. भाऊ दुकानाच्या दारात उभा होता. नेहमीसारखं "वयनी जेवायला थांबलीय" वगैरे काही बोलला नाही. मला ते लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात त्याच्याच खात्यावर टाकलं.

त्याने मशीन टेबलावर घेतलं, टाकीजवळ कान नेला आणि म्हणाला, "हवा अडकलीय. पाणी भरल्यावर वाकवून काढली न्हाई वाटतं." मशीन दोन-तीनदा इकडे-तिकडे कलतं केलं. टाकीतली गुडगुड थांबली.

"एवढ्याने बंद पडतं का ते?" मी विचारलं.

"एवढ्यानं न्हाई पडत."

मग त्याने माझंच एक चित्र चालू केलं आणि आम्ही समोर बसलो. एक वाजला, सव्वा वाजला, दोन वाजले. प्रोसेसर पासष्टच्या वर गेला नाही.

"तुझ्या दुकानात एसी आहे," मी म्हणाले.

त्याने एसी बंद केला आणि दार उघडलं. तीन वाजता आकडा एकाहत्तर. माळ्यावर चढून त्याने एक खोका आणला. वर माझं नाव, आत पंपाची पावती. खोक्यावरचा नंबर आणि पंपावरचा नंबर त्याने बॅटरी धरून मला वाचायला लावला. एकच होता.

"आता नोंद दाखव," तो म्हणाला. नोंद बघून त्याने विचारलं, "रोज सव्वालाच? एक दिवस पण चुकला न्हाई?"

"गुरुवारी नाही पडलं."

"गुरुवारी घरी कोण नव्हतं?"

"आम्ही सगळे होतो," मी जरा तोडूनच म्हणाले.

त्याने बॅटरीचा उजेड पंपाच्या बटणावर धरला. लाल खुणेच्या उलट बाजूला, खालच्या अंगाला, पांढरं काहीतरी वाळून बसलं होतं. त्याने नखाने खरवडून बोटावर घेतलं.

"चुना हाय. तुमच्यात पान कोण खातं?"

पान खाणारं घरात एकच माणूस, माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. ते दुपारी ऑफिसात येऊन बसतात, कारण तिथे कूलर आहे. गुरुवारी ते औशाला लग्नाला गेले होते. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यात ते नव्हते. यादीत त्यांचं नाव नव्हतंच, तर खोडणार काय?

परत आल्यावर मी मामांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. उलट त्यांना बरं वाटलं.

"हाव, मीच करतो की. तुमी जेवायला गेलाव की ती टाकी गुडगुड करती. पाणी खाली गेलं, मोटार हवा ओढायली. तशीच चालू ठेवली तर जळंल न्हाई का?"

आमच्या शेतातला बोअर मामांनी पंचवीस वर्षं असाच सांभाळला आहे. वीस मिनिटं चालवायचा, गुडगुडला की बंद, अर्धा तास पाणी चढू द्यायचं, मग पुन्हा. आजूबाजूच्या किती मोटारी जळाल्या, आमची जळाली नाही. इकडे त्यांनी तेच केलं होतं. आम्ही वर गेलो की बटण डावीकडे, अर्ध्या तासाने पुन्हा खुणेवर.

"पण मशीन बंद पडायचं ना, मामा."

"त्याला वाटलं मी बी आराम करावं. बरंच हाय की."

"मग बटण परत खुणेवर का ठेवत होतात?"

"खूण केल्याली हाय म्हणल्यावर खुणेवरच ठेवावं लागतं. मी काय अडाणी हाय का?"

"मला सांगायचं तरी."

"तू समद्यांना विचारलीस. मला कुठं विचारलीस?"

सोमवारी सकाळी मी क्लासवर गेले. सरांना सांगितलं की चूक आमच्या घरची होती, पंप नवाच आहे, माझा संशय खोटा निघाला. ते अवघडले. परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून शनिवारीच त्यांनी दुसऱ्याला काम दिलं होतं. "तुमी थांबा म्हणलात मॅडम, आमी थांबलो. पण तुमच्या भावाला मी फोन करून विचारलं होतं बरं का. तो नवाच माल लावतो म्हणला. आता ऐकायचं कुणाचं?"

घरी येऊन मी भावाला फोन केला. काम गेल्याचं सांगितलं आणि सरांना थांबवणारी मीच होते, हेही सांगितलं.

"म्हाईत हाय, अक्का."

"त्यांनी माझं नाव सांगितलं?"

"न्हाई. पंप जुना लावतोस का म्हणून विचारलं. मी पाण्यावरचं मशीन एकच बनवलंय."

"कधी फोन आला होता त्यांचा?"

"शुक्रवारी."

म्हणजे शनिवारी मी दारात उतरले तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. एसी बंद करताना, माळ्यावर चढताना, मला नंबर वाचायला लावताना. आणि "पंप नवा हाय" असं तो त्याआधी घाईने का म्हणाला होता? त्याचंही उत्तर त्याने दिलं. "पंप नवाच आहे ना?" असं दोन महिन्यांत मी त्याला सहा वेळा विचारलं होतं. मी वही काढून मोजलं. सात वेळा.

जूनमध्ये तो कामासाठी लातूरला आला तेव्हा आमच्याकडे आला. पंपाचं बटण काढलं, पंप थेट पूर्ण वेगाला जोडला, भोकावर झाकण लावलं. पंख्यांचं बटण त्याने मामांना समजावून सांगितलं. जाळीपुढे तळहात धरायचा. हवा कोमट लागली तर राहू द्यायचं, चटका लागला तर पंखे वाढवायचे. मामांना ते लगेच जमलं. आता पंखे तेच बघतात, आणि सांगायला हरकत नाही, माझ्यापेक्षा बरे बघतात.

मी वरण-भात, भाकरी, शेंगदाण्याची चटणी करून ठेवली होती. भाऊ आला की नेहमी दोन भाकरी जास्त लागतात. त्याने चहा घेतला, अवजारं पिशवीत भरली आणि घड्याळ बघितलं.

"निघतो. उदगीरला जायचंय."

तो गेल्यावर मामा म्हणाले, "पोरगं न जेवता कसं काय गेलं?"

पंप चालू होता. मी ताटावर ताट झाकून ठेवलं.