तळपायावरचा परदेश

एक कॅन्सर झाला की लोक रडतात. दुसरा झाला की काय करावं ते त्यांना सुचत नाही, आणि मग ते काहीही बोलतात. ते सगळं मी जमवत गेले. आमची कंपनीची बस मानेवाड्याहून हिंगण्याला पोचायला पाऊण तास घेते आणि पाऊण तासात एक किस्सा नीट सांगून होतो. ट्रॅफिक लागलं तर दोन. अजून माझा साठा संपलेला नाही.

मी प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. पांढरी झाकणं बेल्टवरून येतात आणि मी त्यांच्यावर काळा ठिपका शोधते. ठिपका दिसला की झाकण रिजेक्ट. एकोणीस वर्षं हेच करते आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझीच लाज निघणार आहे.

* * *

पहिला कॅन्सर उजव्या स्तनाचा. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, केस गेले, परत आले, आणि मी कामावर रुजू झाले तेव्हा माझी एक बाजू सपाट होती. दुकानात मिळतो तो सिलिकॉनचा पॅड मी घेतला, पण नागपूरच्या उन्हाळ्यात तो अंगावर ठेवणं म्हणजे शिक्षाच. शेवटी मी घरीच सुती कापडाची पिशवी शिवली. प्रश्न होता, आत भरायचं काय.

रंजना माझी बसमधली मैत्रीण, पॅकिंगला असते. तिच्या पोटात काही राहत नाही. तिने ही अडचण थेट आमच्या सुपरवायझरच्या, भोयर सरांच्या कानावर घातली. भोयर सर इतके लाजाळू की लेडीज टॉयलेटच्या बाजूने जायचं टाळायला पूर्ण शेडला वळसा घालतात. ते कानापर्यंत लाल झाले. पण प्रश्न मटेरियलचा आहे म्हटल्यावर त्यांची लाज कुठल्या कुठे गेली.

"मॅडम, रिसायकल दाणा अजिबात वापरू नका," ते म्हणाले. "व्हर्जिन घ्या."

झाकणं ज्याची बनतात तो प्लास्टिकचा पांढरा दाणा त्यांनी स्वतः लॅबच्या काट्यावर तोलून दिला. दोन ट्रायल घेतल्या, तिसरी बरोबर बसली. संध्याकाळी मी खुशीत निघाले, तर गेटवर झडती घेणाऱ्या बाईच्या हाताला दाणा लागला. कंपनीचा कच्चा माल गेटपासशिवाय बाहेर जात नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते नियमाला धरूनच होतं.

भोयर सरांना गेटवर बोलावलं. गेटपास दोन प्रकारचे असतात, परत येणाऱ्या मालाचा आणि परत न येणाऱ्या मालाचा. सरांनी पेन हातात धरून बराच विचार केला, मग 'परत येणारा' वर खूण केली. कधी परत येणार, या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'रोज, सकाळी आठ'.

* * *

पाच वर्षं पूर्ण झाली. धंतोलीच्या माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी आता वर्षातून एकदा या म्हटलं आणि मी बसमध्ये पेढे वाटले. त्यानंतर काही महिन्यांतच माझ्या डाव्या तळपायाला एक तीळ आला.

तो पहिल्यांदा पाहिला रंजनाने. सेफ्टी शूज काढून मी बसच्या सीटवर पाय वर घेऊन बसले होते. तिने पाय पकडला आणि बसभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

"ताई, तळपायाले तीळ! तू परदेशात जाऊन राहिली वं!"

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, तळपायाला तीळ म्हणजे परदेशप्रवास. माझ्या सात पिढ्यांत कोणी पचमढीच्या पुढे गेलेलं नाही, पण बसमध्ये त्यावर वाद नव्हता. वाद होता कुठल्या देशात यावर. मागच्या सीटवाल्या दुबई म्हणत होत्या, ड्रायव्हर सिंगापूर म्हणत होता. रोज सकाळी कोणी ना कोणी तीळ बघायला मागायचं. तो वाढतो आहे हे रंजनानेच सांगितलं, आणि फार कौतुकाने सांगितलं. तीळ वाढतो म्हणजे मुक्काम लांबचा, असा तिने अर्थ काढला.

दिवसभर हजारो झाकणांवर मोहरीएवढा ठिपका शोधणारी मी. कडा वेड्यावाकड्या, रंग एकसारखा नाही, आकार वाढता. झाकणावर असता तर मी मशीन बंद पाडली असती. पण हा माझा होता, आणि पाच वर्षांच्या दवाखान्यांनंतर काहीतरी चांगलं होणार आहे, असं मला मनापासून वाटत होतं. मी पासपोर्टचा फॉर्म भरला.

कुठे जायचं ते ठरलं नव्हतं.

* * *

फॉर्ममध्ये शरीरावरची ओळखखूण विचारतात. रंजनाच्या आग्रहाने मी लिहिलं, डाव्या तळपायाला तीळ. ज्याच्यामुळे पासपोर्ट काढतो आहोत त्याचं नाव त्यात नको का, असा तिचा मुद्दा होता.

पडताळणीला पोलीस घरी आला. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने कागद पाहिले, शेजारच्यांना दोन प्रश्न विचारले, चहा घेतला आणि फॉर्म वाचता वाचता थांबला. ओळखखूण दाखवा म्हणाला. मी खुर्चीवर बसून पाय पुढे केला. आमचे हे बाजूला अवघडून उभे. हवालदारसाहेबांनी गुडघ्यावर बसून मोबाइलचा टॉर्च लावला आणि माझा तळपाय इतका वेळ पाहिला की माझ्यावर एखादा जुना गुन्हा निघतो की काय असं मला वाटलं.

मग ते उठले आणि हळू आवाजात बोलले.

"ताई, पासपोर्ट तुमाले भेटून जाईन. पण आधी हे डॉक्टरले दाखवा. माह्या मोठ्या भावाले असंच होतं. आमी दोन वर्षं काटा रुतला म्हणून राहिलो."

भावाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

* * *

धंतोलीत त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडे गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, जुना पेशंट की नवीन? मी म्हटलं पेशंट जुनी, आजार नवीन. कॉम्प्युटरमध्ये तसा पर्याय नव्हता. जुन्या फाइलमध्ये घातलं तर जुना आजार पसरला असं दिसेल, नवीन फाइल काढली तर मी आधी कधी आलेच नव्हते असं दिसेल. तिने मलाच विचारलं, तुम्हाला कसं पाहिजे. मी म्हटलं, आधी आलेच नव्हते असं चालेल.

तुकडा तपासायला गेला. रिपोर्टमध्ये मेलानोमा आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा त्वचेचा कॅन्सर, पहिल्याचा याच्याशी संबंध नाही, आपल्या लोकांना तो बरेचदा तळपायालाच होतो. तीळ आजूबाजूच्या कातडीसकट काढायचा आणि जांघेतली एक गाठ काढून तपासायची, कारण हा पसरला तर आधी तिथे जातो. गाठीत काही नसेल तर बरं. असेल तर पुढे बघू.

डॉक्टर एरवी सारखे चेष्टा करतात. त्या दिवशी 'पुढे बघू' म्हणताना त्यांनी टेबलावरचं पेन उगाच सरळ करून ठेवलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पहिल्या वेळी मी मरणाला भ्याले होते. या वेळी राग आला होता. एकदा सगळं पार पाडलं होतं ना मी.

* * *

बसमध्ये सांगितलं तेव्हा ड्रायव्हरनेसुद्धा रेडिओ बंद केला. रंजना तर पुढचे चार दिवस दुसऱ्या सीटवर बसली. पाचव्या दिवशी येऊन धाय मोकलून रडली. तीन महिने आपण कॅन्सरचं कौतुक करत होतो, हे तिला सहन होत नव्हतं.

मी तिला हिशोब समजावला. तुझ्यामुळे पासपोर्ट, पासपोर्टमुळे हवालदार, हवालदारामुळे डॉक्टर. तू गप्प बसली असतीस तर मी अजून मोजा घालून फिरत असते. तिला ते पटलं. इतकं पटलं की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती माझ्यासोबत दवाखान्यात आली आणि तिने डॉक्टरांना बाजूला घेतलं.

"डॉक्टरसाहेब, थोडासा ठेवता येईन का? कोपऱ्यातला?"

* * *

तीळ पूर्ण गेला. त्या जागी मांडीची कातडी लावली, त्यामुळे आता मी माझ्याच मांडीवर उभी असते. त्या कातडीला काही कळत नाही, खडा रुतला तरी पत्ता लागत नाही.

भोयर सर भेटायला आले ते केळी घेऊन, आणि नेमके डॉक्टर राउंडला असताना. सर पलंगाकडे न बघता डॉक्टरांशीच बोलले. आमच्याकडे एका झाकणावर काळा ठिपका सापडला, तर फक्त ते झाकण फेकून चालत नाही. मागच्या तासाभराचा सगळा माल अडवून तपासावा लागतो. तुम्ही मागचा माल तपासला का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

डॉक्टर म्हणाले, जांघेतली गाठ त्यासाठीच काढली, रिपोर्ट शुक्रवारी येईल.

शुक्रवारी रिपोर्ट आला. गाठीत काही नव्हतं. भोयर सरांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, लाइन चालू करा."

* * *

तीन महिन्यांनी पहिली तपासणी होती. सासूबाई मौद्याजवळच्या गावाहून खास आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. दवाखान्याचं त्यांना काही कळत नाही, पण सोबत येणारच म्हणाल्या. सकाळी त्यांनी माझ्या पायांना तेल चोळून दिलं, त्यात मला डुलकी लागली, मग मोजे घालून आम्ही निघालो.

डॉक्टर खुशीत होते. पासपोर्ट आला का, कुठे निघालात, असं विचारत त्यांनी माझा डावा मोजा काढला आणि पाय उचलला.

मला माझा तळपाय दिसत नव्हता. मला डॉक्टरांचा चेहरा दिसत होता. त्यांनी दिवा जवळ ओढला. भिंग मागवलं. शेजारच्या खोलीतून ज्युनिअरला बोलावलं, तोही वाकून बघत राहिला. लावलेल्या कातडीच्या अगदी कडेला, तो इंग्रजीत म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली. मी पलंगाची कड धरली. पुन्हा सगळं करायचं बळ माझ्यात नाही, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ कळलं.

नीट दिसावं म्हणून डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि ती जागा पुसली. बोळा काळा झाला. पाय कोरा.

स्टुलावरून सासूबाईंचा आवाज आला.

"पुसलं काहून गा? सकायीच तं लावलं होतं."

डॉक्टरांनी विचारलं, आजी, हे काजळ तुम्ही लावलं?

"मंग? सारी बस तीन महिने तिचा पाय पाहून राहिली होती. नजर लागन नाही तं काय होईन?" असं म्हणत त्यांनी कनवटीची डबी काढली आणि त्या उठल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी पुसला. मग म्हणाले, आजी, लावा, पण उजव्या पायाला. डावा मला कोरा पाहिजे. आणि त्यांनी स्वतः माझा उजवा मोजा काढून पाय धरला. सासूबाईंनी तळव्याला तीट लावली. बोटाला काजळ उरलं होतं. त्या डॉक्टरांकडे वळल्या.

"तुमी बी वाका जरासे."

आम्ही बाहेर आलो. पुढचा पेशंट आत गेला, बाहेर आला, त्याच्यानंतरचाही गेला. औषधांची चिठ्ठी घ्यायला मी काउंटरवर उभी होते. तीच ती फाइलवाली मुलगी, पांढरी पडली होती. माझ्या कानाशी येऊन कुजबुजली.

"मॅडम, सरच्या कानामागं काळा डाग दिसून राहिला. सकाळी नव्हता. तुमी पाहिला का?"

मी म्हटलं, "पाहिला. पास आहे."